कोल्ह्याची वैदेही

लेकीने, वैदेहीने, आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं फायरफॉक्स काढून टाकलं, हे कळल्यापासून अनुपमाच्या जिवाला थारा नव्हता. बरं, कुणाला सांगायची सोय नाही. ऐकणारा हसणार. वैदेहीचे वडील हरीभाऊ हसलेच.

"अगं, एक ब्राउझर गेला, दुसरा आला," पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले. "माणसं साबण बदलत नाहीत का?"

"तुमची मुलगी साबण बदलणाऱ्यातली आहे?"

त्यावर पेपर थोडा खाली आला आणि पुन्हा वर गेला. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं. ज्या मुलीने सोळा वर्षांत एकदाही दुसऱ्या ब्राउझरला हात लावला नाही, ती बुधवारी रात्री पानावर बसल्यावर "आजपासून मीही क्रोमच घेतलंय" असं म्हणाली होती, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तशी. रडली असती, ताट सरकवलं असतं, तर अनुपमाला एवढी धास्ती वाटली नसती.

या वेडाची सुरुवात महाडच्या शाळेतली. वैदेही तेव्हा बारा वर्षांची. शाळेत सहा कॉम्प्युटर, एकेकावर चार-चार पोरं. त्यांच्या नागसेन सरांनी कुठूनशी एक सीडी आणली आणि पडद्यावर शेपटी गुंडाळलेला फायरफॉक्सचा कोल्हा आला. तो उघडला तर आतली सगळी बटणं मराठीत. 'वाचनखूण' हा शब्द पडद्यावर वाचून पोरगी घरापर्यंत पळत आली होती. "आई, कॉम्प्युटरला मराठी येतं!" पुढे कॉलेजात तिला समजलं, की हे शब्द तुमच्याआमच्यासारखी माणसं घरी बसून, एक पैसा न घेता तयार करून पाठवतात. मग दोन महिने ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शब्द पाठवत होती. त्यातला एखादा घेतला गेला की नाही, देव जाणे. पण तेव्हापासून तो कोल्हा तिच्या घरचा झाला. एकवीस सालच्या पुरात तळमजल्यावरचा कॉम्प्युटर चिखलात गेला. नवा आला तेव्हा खोक्याचा थर्माकोल जमिनीवर लोळत होता आणि ही कोल्हा बसवत होती.

धाकटा अनिश पुण्याला कंपनीत. तो आणि त्याची सगळी कंपनी क्रोमवाली. दिवाळीला आला की चिडवायचा, "ताई, शंभरातली तीन-चार माणसं वापरतात तुझा कोल्हा. म्युझियममध्ये ठेव."

"मग त्या तीन-चारातली एक मी. तू राहिलेल्यांच्या रांगेत उभा राहा."

एकदा त्याने ती अंघोळीला गेलेली पाहून तिच्या लॅपटॉपवर गुपचूप क्रोम पुढे करून ठेवलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाऊबीजेला ओवाळलं, पण तोंडात मावेल त्यापेक्षा मोठा लाडू कोंबून. घरातली ही भांडणं अनुपमाला आवडायची. दोघं एकत्र आहेत असं त्यातूनच वाटायचं.

बीएस्सी झाल्यावर वैदेहीने पोलादपूरला एसटी स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान घातलं. रोज सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळी परत. दाखले, शिष्यवृत्त्या, प्रवेशाचे अर्ज, असं ते काम. त्यात तिचा एक नियम होता, आणि त्या नियमाने तिची अर्धी गिऱ्हाइकं घालवली. पासवर्ड ज्याचा त्याने टाइप करायचा. ही कीबोर्डला हात लावणार नाही. डोंगरातल्या वाडीवरनं सत्तरीची बनुबाई यायची, तिलासुद्धा एका बोटाने अक्षर शोधायला लावायची. मग जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तो पासवर्ड बनुबाईच्याच नातीकडून लिहून घ्यायची, चिठ्ठी बनुबाईच्या बटव्यात, आणि कॉम्प्युटरवर काही म्हणता काही मागे राहत नसे.

"तुझ्याकडं आलं की परीक्षाच द्यायची गो पोरी," बनुबाई कुरकुरायची. "समोरचा राहुल बघ. नुसतं नाव सांगायचं."

समोरचा राहुल म्हणजे रस्त्यापलीकडचं दुकान. आठ वर्षं मुंबईला काढून आलेला, गोड बोलणारा पोरगा. दुकानावर पाटी: 'पासवर्ड विसरलात? आमच्या लक्षात आहे.' सगळ्या तालुक्याचे पासवर्ड त्याने आपल्या ब्राउझरात साठवून ठेवलेले. नाव सांगा, खुर्चीवर बसा, पाच मिनिटांत प्रिंट हातात. "काका, टेन्शन नको. मशीनला सगळं याद हाय." लोकांना तेच हवं होतं. आपली किल्ली दुसऱ्याच्या खिळ्याला टांगून घरी जायचं आणि वर त्याचे आभार मानायचे! अनुपमाला याचा संताप यायचा. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती. मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावं म्हणून आयुष्यभर ओरडलेली. तिची लेक तेच करत होती, आणि तिला लोक 'कोल्ह्याची वैदेही' म्हणून हसत होते.

हसण्यापर्यंत ठीक होतं. गेल्या महिन्यात बनुबाईचा मुलगा महिपती आपल्या लेकीला, स्नेहलला, घेऊन वैदेहीकडे आला. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज. दीड तास बसून वैदेहीने तो भरून घेतला. दहा दिवसांनी जातीचा नवा दाखला जोडायचा होता, आणि नेमकं त्या दिवशी दुकान बंद होतं. का, तर अनुपमाच्या मोतीबिंदूची तपासणी होती आणि वैदेही तिला घेऊन दवाखान्यात गेली होती. ही गोष्ट अनुपमाला आता रोज टोचत होती. महिपती समोर राहुलकडे गेला. राहुलने दाखला जोडला, फॉर्म सेव्ह केला, प्रिंट काढून आपल्या दुकानाच्या फोल्डरमध्ये घालून दिली.

पहिली यादी लागली. स्नेहलला कसलाच मेसेज आला नाही. वाडीवर रेंज यायला टेकाडावर चढावं लागतं. पोरगी रोज दोनदा चढत होती. चौकशी करायला पोलादपूरला उतरली तेव्हा कळलं, जागा मिळाली होती आणि हजर राहायची मुदत सोमवारी संपून गेली होती.

मंगळवारी महिपती वैदेहीच्या दुकानात आला. शेजारी शिवणकाम करणाऱ्या शर्मिलाने ते सगळं अनुपमाला फोनवर सांगितलं होतं. दुकानात सात-आठ माणसं होती. महिपती ओरडत होता, "तुझ्या त्या कोल्ह्यानं माझ्या पोरीचा फॉर्म खाल्ला! राहुल सांगत होता, त्या ब्राउझरात साइट चालतच नाय. खाली लिहिलंय तसं."

लिहिलेलं होतं, हे खरं. त्या संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की हे पान क्रोममध्ये उत्तम दिसते. उत्तम दिसते! दिसण्याचा आणि मेसेज न येण्याचा काय संबंध? पण छापलेल्या ओळीपुढे बोलणार कोण? कुणीतरी कुठल्यातरी कचेरीत बसून, आपल्या टेबलावर जे होतं त्यावर पान तपासलं, जांभई दिली आणि ती ओळ टाकून घरी गेला. त्या ओळीवर पोलादपूरने एका मुलीला दोषी ठरवलं. आणि त्या सात-आठांतल्या चौघांचे तरी फॉर्म वैदेहीने त्याच कोल्ह्यात भरले होते, सगळे सुरळीत पार पडले होते. एकाने तोंड उघडलं नाही.

वैदेहीनेही नाही. दुसऱ्या दिवशी तिने कोल्हा काढला. गुरुवारी दुकानात बसून आली, आणि आज, शुक्रवारी, गेलीच नाही. दुपारचे तीन वाजले तरी माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून होती.

अनुपमा तिच्या उशाशी जाऊन बसली. "वैदू, उठ. मला खरं काय ते सांग."

"काय सांगू? फोनमध्ये बघ. स्नेहलचा मेसेज आहे."

स्नेहलने मंगळवारी सकाळी, बाप भांडायला येण्याआधी, फोटो पाठवला होता. 'ताई, फॉर्म नीट आहे ना? मेसेज का नाही आला?' फोटोत फॉर्मची प्रिंट होती, राहुलच्या फोल्डरवर ठेवलेली. अनुपमाने चष्मा लावला, फोटो मोठा केला. फॉर्मवर मोबाइल नंबर होता. फोल्डरवर, राहुलच्या दुकानाच्या नावाखाली, मोबाइल नंबर होता. दहाच्या दहा आकडे एक.

"अगं, हा तर त्याचा नंबर!"

"ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या फॉर्मवर तो स्वतःचा टाकतो. शंभर वेळा टाकला असेल. मी स्नेहलच्या फॉर्मवर महिपतीकाकांचा घातला होता, पण त्या रकान्यावर क्लिक केलं की त्याचा ब्राउझर आपणहून राहुलचाच पुढे करतो. त्याने न बघता सेव्ह केलं. स्नेहलचा मेसेज त्याच्याच फोनवर येऊन पडलाय, शे-दोनशे मेसेजांच्या खाली."

"आणि नाव तुझ्या कोल्ह्याचं!"

"ब्राउझरचा दोष नाही, आई. साठवून ठेवायला सांगितलं असतं तर माझ्या कोल्ह्यानेही तेच भरलं असतं. दोष न बघण्याचा आहे."

"मग त्या दिवशी तोंडात गुळणी धरून का बसलीस?"

वैदेही उठून बसली. डोळे कोरडे होते. "काका गेल्यावर मी लगेच स्नेहलला लिहिलं होतं. एकच टिक आहे बघ. तो फोन महिपतीकाकांचा, त्यांनी मला ब्लॉक केलंय. वाडीवर जावं म्हटलं तर दुकानातून निघतानाच दारात पाऊल टाकू नको म्हणाले होते. मी बोलले असते तर सगळे म्हणाले असते, आता दुसऱ्यावर ढकलतेय. आई, सोळा वर्षं मी एका गोष्टीसाठी भांडले. लोकांना पासवर्ड नको आहे, सुटका हवी आहे. घ्या म्हटलं."

"आणि स्नेहलचं?"

त्यावर मात्र मुलीचा आवाज फुटला. "उद्या दुसरी यादी आहे. नंबर दुरुस्त करायला आज सहापर्यंत मुदत. नाही केला तर पुन्हा तेच. आणि एक वर्ष गेलं तर महिपतीकाका तिला मुंबईला आत्याकडे पाठवणार, कुठल्यातरी पॅकिंगच्या कामाला. त्यांनी सांगूनच ठेवलंय."

अनुपमाने तिथल्या तिथे आपल्या फोनवरून महिपतीला फोन लावला. तिच्या मनात सभाच भरली होती. या माणसाला आज चांगलं ऐकवायचं.

"महिपतीभाऊ, मी महाडहून वैदेहीची आई बोलते. स्नेहलच्या फॉर्मवर नंबर चुकलाय, आज सहाच्या आत—"

"ओ बाई, थांबा. पोरगी चुकली ती चुकली, आता तुमी वकिली करू नका."

"अहो, वकिली नाही. तो नंबर राहुलचा आहे. प्रिंट काढून बघा एकदा."

"राहुलचंच नाव घेनार तुमी, धंद्यात तो पुढं हाय ना! आमी त्याचीच मानसं. तो बोलला तर करू. तो बोलला नाय." पाठीमागे पोलादपूरच्या बाजाराचा गलका होता, त्यात बनुबाईचा आवाज आला, "कोन हाय रे?" आणि फोन बंद झाला.

पुन्हा लावला. लागला नाही. आता तिचाही नंबर बंद केला असणार.

अनुपमा ताडकन उठली. खोलीत इकडून तिकडे दोन फेऱ्या झाल्या. स्वतःच्या मुलीचं भविष्य ज्यावर अवलंबून आहे तो कागद घरात आहे, आणि हा माणूस तो उलटून बघायला तयार नाही! का, तर आम्ही त्याची माणसं! एखाद्याचा पक्ष घेतला की डोळे त्याच्याकडे गहाण टाकायचे? आणि ही एवढी निष्ठा कशावर, तर खुर्चीवर बसून नाव सांगण्याच्या सुखावर. मग तिला आपलंच मगाचं आठवलं. महिपतीला फोन लावताना तिच्या मनात आधी वैदेही होती, स्नेहल नंतर. त्याने ते आवाजावरून ओळखलं असेल.

"आई, बस. काही उपयोग नाही," वैदेही म्हणाली. "स्नेहल इथे आली असती तरी मला करता आलं नसतं. लॉगिन करायला ओटीपी लागतो. तो राहुलच्या फोनवर जाणार."

अनुपमा थांबली. "म्हणजे नंबर बदलायचा तर राहुलच लागणार."

"हो. पासवर्ड त्याच्या मशीनमध्ये, ओटीपी त्याच्या फोनवर. आणि महिपतीकाका ऐकणार ते पण त्याचंच. पाच मिनिटांचं काम आहे. पण तो कशाला करेल? केलं की कबूल केल्यासारखं झालं."

राहुलला सांगायची चार वाक्यं अनुपमाने मंगळवारपासून तयार ठेवली होती. एकेक असं, की त्याची पाटी उतरावी. एसटी स्टँडवर, गर्दीच्या वेळी, मोठ्याने म्हणायची. ती वाक्यं आता बाजूला ठेवायची होती. तिच्या लेकीला भरदुकानात खाली बघायला लावणाऱ्या पोराला 'बाळा, एवढं कर' म्हणायचं? बाळा म्हणणार नव्हतीच ती. पण नंबर बदल, असं सांगावं लागणार होतं, आणि ते अशा आवाजात, की तो फोन ठेवणार नाही.

"फोल्डरवरचा नंबर वाच मला," ती म्हणाली.

वैदेहीने फोन हातात घेतला. "तू राहुलला फोन करणार? भांडायला?"

"भांडणार आहे. सोमवारी. पोलादपूरला येऊन, सगळ्यांसमोर, आणि तू शेजारी उभी राहणार आहेस. आज फक्त स्नेहलचा नंबर." तिने चष्मा पुन्हा नाकावर नीट बसवला. चार वाजायला दहा मिनिटं होती. "वाच लवकर. सावकाश वाच, पण लवकर."

वैदेहीने फोटो मोठा केला आणि एकेक आकडा वाचायला सुरुवात केली.