अण्णांच्या बुटांचे पायडल
बुटाच्या पॉलिशचा वास आला की मला तासगावची मळ्यातली वाट आठवते. बेदाण्याच्या शेडवर मी कामाला अनवाणीच सायकलने जायचे आणि रबर निघालेल्या लोखंडी पायडलने माझ्या चवड्यांची नुसती आग व्हायची. माझे वडील, अण्णा, फौजेतून निवृत्त झालेले. दर रविवारी ते आपले जुने फौजी बूट चकचकीत करायचे. एका रविवारी मात्र त्यांनी सुरी घेतली आणि बुटांचे तळवेच कापले. "आवं, एवढीच निशाणी हाय फौजेची!" आई कळवळली. "ठिवून काय पुजू? पोरीचा पाय दुखतोय न्हवं!" आतली बाजू वर ठेवून त्यांनी ते तळवे तारेने पायडलला बांधले. त्यांच्या पावलाने पडलेल्या खळग्यात माझा चवडा अलगद बसला. आता अण्णा नाहीत. परवा नव्या सायकलला मऊ, रुंद पायडल बसवून घेतले. पाय दुखत नाही. पण चवडा अजून तो खळगा शोधतो.