मामाची जीभ

माझा मामा, धर्मराज तांबे, पाणी पिऊन पगार घेतो. आमच्या घरात हे वाक्य सगळ्यांनी आपापल्या परीनं चघळून झालं आहे. तसा तो सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. बे एरियातल्या फ्रीमाँटहून रोज गाडी हाणत एका पाणीखात्याच्या लॅबमध्ये जातो आणि पाण्यातले जंतू शोधतो. पण दर सोमवारी त्या लॅबमधले चारपाच जण टेबलाभोवती बसतात, कोमट पाण्याचे पेले हुंगतात, एकेक घोट घेतात आणि पाणी कशासारखं लागतं ते सांगतात. ओली माती, काकडी, मासळी, जुनं रबर. नळाच्या पाण्याची चव आधी कुणीतरी घेऊन बघत असतं, हे मामा त्या टेबलावर बसायला लागेपर्यंत मला माहीत नव्हतं.

तिथे मामाची जीभ सगळ्यात तेज. एकदा एका नमुन्याला इंग्रजीत शब्दच सापडेना. खारट नाही, कडू नाही, नुसतं प्यावंसं वाटत नाही. मामा म्हणाला, मचूळ. तेव्हापासून ती गोरी, चिनी, मेक्सिकन मंडळी गंभीर चेहऱ्यानं ‘अ लिटल मचूल’ म्हणतात. इथल्या मराठी मंडळात भाषेवर भाषणं करणाऱ्यांनी याहून जास्त काही केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

चांगल्या पाण्याला चव जवळजवळ नसतेच, असं मामा सांगतो. आणि त्याचे आजोबा चवदार तळ्याचं पाणी पिऊन आलेले. सत्तावीस साली महाडला बाबासाहेबांच्या मागून तळ्यावर गेलेल्या हजारोंमध्ये ते होते. ओंजळभर पाणी प्यायले आणि त्याच दिवशी कपाळावर काठी खाऊन घरी परतले. पुढे नायगावच्या चाळीत लहानगा मामा त्यांच्या कपाळावरची खूण चाचपत विचारायचा, आजोबा, पाणी खरंच चवदार होतं का? आजोबा दर वेळी एकच उत्तर द्यायचे.

“चव बघायला गेलो नव्हतो.”

मामाचं समाधान झालं नाही. माझ्या मते तेव्हापासून तो पाण्याची चव बघतोच आहे, फक्त आता त्यासाठी पगार, विमा आणि पुढे पेन्शनही मिळणार आहे.

दर वीस मार्चला, महाडच्या त्या दिवशी, त्याला एखाद्या तळ्यावर जाऊन पाणी प्यायचं असतं. बे एरियातली तळी चालत नाहीत, कारण त्यांतलं बरंचसं पाणी त्याच्याच खात्याचं, ते तो रोज पितो. त्याला डोंगरातलं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं तळं लागतं. सिएरा पर्वतातली तशी तळी मार्चमध्ये गोठलेली असतात आणि रस्ते बंद. म्हणून मामाचा वीस मार्च ऑगस्टमध्ये येतो. तळ्याचं नाव तो कुणाला सांगत नाही. कळलं तर पुढच्या वर्षी मंडळाची सहल येईल आणि काठावर अंताक्षरी सुरू होईल, अशी त्याला धास्ती आहे.

आता कुणाला वाटेल, तिथे पोहोचल्यावर मामा ओंजळीनं पाणी पीत असेल. छे. मामा बॅगेतून हातपंपाचा फिल्टर काढतो, दगडावर बसून पाणी उपसतो आणि स्टीलच्या पेल्यातून पितो. डोंगरातल्या पाण्यात जिआर्डिया नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो. त्याच्यावर मामा वाटेत भाषण देतो. हे भाषण मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्या जंतूच्या लग्नाला मला बोलावणं यायला हरकत नाही. एवढा डोंगर चढून नळासारखंच पाणी प्यायचं, असं मी एकदा म्हणाले होते. मामा म्हणाला, तसंच नाही. या पाण्याला आधी थोडी लोखंडाची चव येते आणि मागून गोडसर लागतं. मला काही कळलं नव्हतं, मला थंड लागलं होतं.

गेल्या जूनमध्ये मामाला ताप आला. तोच ताप, आता कुणी त्याचं नाव घेत नाही तो. चार दिवसांत बरा झाला. जुलैत मी सनीव्हेलहून त्यांच्याकडे जेवायला गेले. कांचनमामी सुकट भाजत होती. टाउनहाउसमध्ये सुकट भाजणं हा धाडसाचा प्रकार आहे. धुराचा अलार्म दोनदा केकाटून गेला, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, मी परसदारी जाऊन उभी राहिले. मामा स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसला होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, आज जेवायला काय आहे?

मामीनं परसदाराकडे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मामाला गाडी दाखवायच्या निमित्तानं बाहेर नेलं आणि सरळ विचारलं. त्यानं सरळ सांगितलं. वास नाही, चवही नाही. भात आणि मीठ यांत फरक फक्त दातांना कळतो.

“मग सोमवारी काय करतोस?”

“शेजारी बसणाऱ्या बाईला आधी बोलू देतो,” मामा म्हणाला.

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं. दुसऱ्याच्या चाचणीतला आकडा चुकला तर जेवण सोडणारा हा माणूस. मामा म्हणाला, असं चालणार नाही हे त्यालाही कळतं. ऑगस्टमध्ये तळ्यावर जाऊ. त्या पाण्याची चव त्याला पाठ आहे. ती लागली तर जीभ परत आली. नाही लागली तर त्याच सोमवारी साहेबांना सांगून टाकायचं आणि टेबलावरून उठायचं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं निघालो. मामा, मी आणि त्याची लेक रुही. ती कॉलेजात आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. बापाच्या जिभेचं तिला गाडीत कळलं. तिनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

चढाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण मला चढ आवडत नाहीत. पहिला भाग झाडीतून जातो आणि माणसाला फसवतो. मग झाडं संपतात आणि उघड्या कातळावर नागमोडी वाट सुरू होते. एक वळण संपलं की वरचं वळण दिसतं, आणि त्यावर आपल्या आजीच्या वयाची एक बाई दोन काठ्या टेकत आपल्यापुढे जाताना दिसते. हवा विरळ. बोलायला गेलं की वाक्य अर्ध्यात संपतं. मामा एरवी याच टप्प्यावर जिआर्डियाचं भाषण देतो. या वेळी तो गप्प होता. शेवटी मीच विचारलं, त्या जंतूचं काय झालं? तो म्हणाला, आहे. आणि पुढे चालू लागला.

वर पोहोचलो तेव्हा तळ्यावर वारा नव्हता. एका कडेला जुनं बर्फ होतं, बाकी काळंनिळं पाणी, आणि तळाचे दगड मोजता यावेत इतकं नितळ. आम्ही बॅगा टेकवल्या. मार्मोट नावाचा एक प्राणी, घुशीचा श्रीमंत भाऊ म्हणावा असा, आमच्या भाकरीच्या डब्याजवळ येऊन बसला. त्याला हाकलायचं त्राण कुणातच नव्हतं.

मामानं फिल्टर काढला. पंप मारला. पेला भरला, नाकाशी धरला, घोट घेतला आणि लॅबमध्ये करतात तसा तोंडात घोळवला. मग दुसरा घोट. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा फॉर्म भरणाऱ्या माणसासारखा होता.

“मेबी द फिल्टर टेक्स इट आउट,” रुही हळूच म्हणाली.

फिल्टर जंतू काढतो, चव काढत नाही. हे मामानं आम्हाला दर वर्षी समजावलं आहे, आणि रुहीलाही ते माहीत होतं. मामानं तिच्याकडे पाहिलं. मग पेला दगडावर ठेवला, बूट काढले, मोजे काढून बुटांत नीट खोचले आणि पाण्याच्या काठाशी जाऊन वाकला. मी म्हणाले, मामा, जिआर्डिया. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकलं. दोन्ही हातांची ओंजळ करून तो ते पाणी तसंच प्यायला. पुन्हा भरली, पुन्हा प्यायला. मग तिथेच उकिडवा बसून राहिला. हातांतून पाणी गळत होतं.

विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी उठून मार्मोटला डब्यापासून हाकललं.

बऱ्याच वेळानं मामा उठला. पेल्यातलं फिल्टरचं पाणी त्यानं रुहीला दिलं.

“आधी लोखंडासारखं लागतं?”

रुहीनं डोळे मिटून घोट घेतला. “येस. लाइक अ स्पून.”

“आणि मागून?”

“स्वीट. अ लिटल.”

“मग पाणी बरोबर आहे,” मामा म्हणाला, आणि फिल्टर पुसून पिशवीत ठेवला.

उतरताना त्यानं जिआर्डियाचं भाषण पूर्ण दिलं. आम्ही दोघींनी मध्ये प्रश्नही विचारले.

सोमवारी मामानं साहेबांना सांगितलं. जूनपासूनचे त्याचे सगळे शेरे रद्द करा, हेही स्वतःच सांगितलं. साहेब चांगले होते, जीभ येईल परत, थांबू, म्हणाले. मामा आता टेबलापाशी उभा राहून पेले कोमट करून देतो आणि बाकीचे काय सांगतात ते ऐकतो. त्याची खुर्ची रिकामी ठेवलेली आहे. ती मंडळी मचूल म्हणतात तेव्हा त्याला बरं वाटतं, असं तो म्हणतो. मला बघवणार नाही.

दोन आठवड्यांनी मामाचं पोट साफ बिघडलं. मी त्याला डॉक्टर दिगंबरकाकांकडे घेऊन गेले. ते मूळचे पुण्याचे, निवृत्तीला आलेले, अजून दोन दिवस दवाखान्यात बसतात आणि मराठी पेशंट आला की खूश होतात. त्यांनी विचारलं, बाहेरचं काही प्यायलात का? मामानं तळ्याचं सांगितलं. न गाळता? न गाळता. काम काय करता? मामानं तेही सांगितलं. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अहो तांबे, तुमच्यासारख्या माणसाला पहिल्या घोटाला कळायला हवं होतं. चवीला काही वेगळं नाही लागलं?”

मामानं माझ्याकडे एकदा पाहिलं.

“चव बघायला गेलो नव्हतो,” तो म्हणाला.