हौसामावशीची न कापलेली साक्ष

आधीच सांगते – भूतबाधा, भानामती, अंगात येणं या सगळ्याविरुद्ध मी कामशेतच्या बाजारात उभी राहून, शिव्या खाऊन पत्रकं वाटलेली आहेत. त्यामुळे खालचं वाचून कुणी मला ‘आता पटलं ना?’ म्हणायला येऊ नये. मला काहीही पटलेलं नाही. मी चिडलेली आहे, आणि कुणावर चिडायचं तेच कळत नाहीये.

आमचं गाव वडिवळे. गावातून भातखाचरांकडे जाणारी जुनी पाणंद – बैलगाडी जाईल एवढी वाट – दोन वर्षांपूर्वी एका बंगलेवाल्यानं फाटक लावून बंद केली. आमच्याच वाटेवर वॉचमन आम्हाला विचारतो, ‘किससे मिलना है?’ त्या फाटकापलीकडे हौसामावशीचं एकुलतं एक खाचर. मावशी सत्तरीची, एकटी. नवरा जाऊन सात वर्षं झाली. लावणीला रोपाच्या जुड्या डोक्यावर घेऊन ओढ्यातून वळसा घालते. मागच्या वर्षी पडली, तरी लावणी केलीच.

वाट मोकळी करा या आमच्या अर्जावर तालुक्याला सुनावणी लागली. त्या वाटेनं बैल हाकलेल्या जुन्या माणसांपैकी उरलेली एकटी मावशी. म्हणून तिची साक्ष मी घरी रेकॉर्ड केली. अशा साक्षी मी ऑनलाइन टाकत असते. माझा नियम एकच, आणि तो मी दर वेळी सुरुवातीला बोलूनही दाखवते – एक सेकंदही कापलेला नाही. खोकला, थांबणं, सगळं तसंच. नाहीतर समोरचे लगेच ‘काटछाट केली’ म्हणून ओरडतात.

दुपारचे तीन. मधली खोली, दाराला आतून कडी, खिडकीवर दोन गोधड्या, पंखा बंद, फोन बंद. आई-बाबा कामावर. घरात फक्त मी आणि मावशी.

“मावशी, नवऱ्याचं नाव सांगा.”

“अगं बया, त्यांचं नाव म्या कसं घिऊ? तू घे की.”

“मी घेऊन काय उपयोग? साक्ष तुमची आहे.”

ती पदर तोंडाला लावून हसली आणि गप्प बसली. दहा-बारा सेकंद. शेवटी मीच पुढे गेले. वाटेच्या हद्दीचा दगड कुठं होता, हे विचारलं तेव्हाही ती अडखळली... “हितंच कुटंतरी व्हता बग. फाटक झाल्यापासनं मला वळकंना झालंय.” पुन्हा शांतता.

संध्याकाळी हेडफोन लावून मी अख्खी फाईल ऐकली. त्या दोन्ही ठिकाणी काहीही नव्हतं. अपलोड केली.

सकाळी पहिलीच कमेंट – ‘मागे बोलणारे आजोबा कोण?’

मी लावलं. पहिल्या शांततेत पुरुषाचा आवाज, शांत, जवळून: “किसन. फुडं बोल, हौसे.” दुसऱ्या ठिकाणी: “डाव्या खांबाच्या बुडाशी हाय दगूड. त्याच्यावरच खांब उभा क्येलाय.”

रेकॉर्डरमधल्या मूळ फाईलमध्येही तेच. साउंडचं काम करणाऱ्या मित्राला दिली, तर तो म्हणाला, “हे नंतर जोडलेलं नाही गं. माणूस तुमच्याच खोलीत बसलाय. माइकपासून हातभर.” आणि किसनभाऊ, म्हणजे मावशीचे यजमान, वारल्यावर पाच वर्षांनी फाटकाचा तो खांब उभा राहिलाय. त्यांनी तो बघितलेलाच नाही.

मावशीला ऐकवलं. मला वाटलं घाबरेल. तिनं विचारलं, “ह्ये समद्या गावानं ऐकलं?”

“हो.”

“लोकांम्होरं हौसे म्हन्ले... काय बाई ह्ये मानूस!” आणि चक्क लाजली.

“मावशी, नक्की तेच आहेत?”

“मंग दुसरं कोन? पंचेचाळीस वर्सं ऐकलाय ह्यो आवाज.”

सुनावणीत समोरच्या वकिलानं नेमके तेच तुकडे वाजवले. “साहेब, आजींना मागून पढवलं जातंय. आणि काही कापलेलं नाही, असं या मॅडम स्वतःच सांगतायत.”

साहेबांनी मला विचारलं, “आवाज कुणाचा?”

खोटं मला बोलायचं नव्हतं आणि खरं मला माहीत नव्हतं. “माहीत नाही,” म्हटलं.

मावशी मागून उठली. “सायेब, आमचं मालक हायेत त्ये. लबाड न्हाई बोलायचं. खांब उकरून बगा.”

“कुठं आहेत? बोलवा त्यांना.”

“सात वर्सं झाली जाऊन.”

वकील हसला, कारकून हसला. वाटेसाठी आलेली आमची माणसं, ज्यांच्यासाठी मी वर्षभर पत्रकं लिहिली, तीही हसली. साक्ष बाजूला ठेवली गेली. साहेबांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि हे जास्त झोंबतंय.

रेकॉर्डिंग काढावं तर लपवलं म्हणतील, ठेवावं तर पढवलं म्हणतात. ते तसंच आहे, रोज नवे लोक ऐकतात आणि हसायच्या इमोजी टाकतात. स्पष्टीकरण मागाल तर माझ्याकडे नाही.

लावणीचं रोप आता उपटायला आलंय. मावशी रोज दारात येऊन विचारते, “कवा उकरत्यात गं खांब?” तिला वाटतं, जागा कळली, आता अडलंय कुठं? मी खांब उकरायचा अर्ज तीनदा लिहायला घेतला. ‘खांबाखाली हद्दीचा दगड आहे’ इथपर्यंत नीट येतं... त्यापुढे कशावरून ते लिहावं लागतं. तिथं मी पेन खाली ठेवते.