वरून टाकलेली चिठ्ठी

त्यानं चिठ्ठी दाजीच्या छातीवर वरून टाकली. हात लागू नये म्हनून.

आधीच्या जखमी शिपायाच्या गुंडीला त्यानंच नीट गाठ मारून बांधली व्हती. लाल चिठ्ठी. ती असली की मानूस पहिल्या बोटीत, तिथून दवाखान्यात. नसली की वाळूत पडून राहायचं.

टाकणारा कंपाउंडर आमच्या नांदूरघाटचाच, कुलकर्ण्याचा धाकटा. आमी म्हारवाड्यातले. मी आन माझ्या आक्काचा नवरा, दाजी, दोघं बसऱ्याकडं लढाईत जखमींच्या डोल्या उचलायला गेलतो. जहाजात ह्या कंपाउंडरला उलट्या लागल्या तवा म्याच डोकं धरलं. माझ्या वंजळीतून पानी प्याला. म्हनला, "गड्या, इथं कसली जातपात? ती गावात." मला ते खरं वाटलं. लई खरं वाटलं.

दाजीच्या पोटात गोळी व्हती. डोलीचे दांडे माझ्या दोन्ही हातांत. म्हनलो, "मालक, बांधा की. वाऱ्यानं जाईल."

"चल, चल. खोळंबा करू नको."

नदीवर पोचलो तर छाती मोकळी. बोटीवरचा शिपाई म्हनला, "चिठ्ठी न्हाई तर चढायचं न्हाई." दाजीला काठावर ठेवून मागं पळालो. कंपाउंडरनं दुसरी लिहिली आन भुईवर टाकली. वाकून उचलली. मला दाजी पायजे व्हता.

आलो तवर बोट गेलती. दाजीच्या तोंडावर माशा बसल्या व्हत्या.

दुसऱ्या दिवशी आमच्यातलाच एक जखमी घेऊन त्याच्यापुढं उभा राहिलो. त्यानं चिठ्ठीचा हात उचलला.

"टाकू नका. बांधा."

"माजलास का बे?"

"व्हय. बांधा."

डोलीतला कण्हत म्हनला, "हलू नको." हललो न्हाई. मागं डोल्यांची रांग तुंबली. गोरा डॉक्टर बघाया लागला, तवा ह्यानं बांधली.

लढाई सरली. आक्कानं इचारलं, "कशानं गेले रं?" गोळीनं, म्हनून सुटता आलं असतं. पर सगळं सांगितलं. ती रडली न्हाई.

पुढं एकदा गावात मी आन आक्का त्या कंपाउंडरच्या दारावरनं चाललो व्हतो. ओट्यावरनं तो हसला, जुनी वळख दाखवली, आन पानाचा इडा माझ्यापुढं टाकला. धुळीत पडला.

"उचल की बे."

आक्का म्हनली, "हातात द्यायचं असंल तर द्या. टाकलेलं आमच्या घरात आता कुनी उचलायचं न्हाई."

इडा तिथंच राहिला. त्या दिवसापासनं आमच्या घरात कुनी वाकलेलं न्हाई. वाकू देनार न्हाई.