के म्हणजे काय

"तुम्ही हात धुवून घ्या."

मोठ्या बाई असं म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात मोदक होता. कळ्या पाडून झाल्या होत्या, तोंड मिटायचं राहिलं होतं. बोटांना तूप, तळव्याला तांदळाची उकड. शाळेच्या गणपतीचा नैवेद्य होता. आम्ही सगळ्या शिक्षिका शाळेच्या स्वयंपाकघरात जमिनीवर गोल करून बसलो होतो, आणि आत्ता आत्तापर्यंत सगळ्या माझ्या कळ्यांचं कौतुक करत होत्या.

घडलं ते एवढंच. संस्थेच्या सेक्रेटरींच्या आई नैवेद्यावर देखरेख करायला आल्या होत्या. सगळी शाळा त्यांना माई म्हणायची. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या, माझा एक मोदक उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "किती सुबक गं! कुठले तुम्ही कुलकर्णी?"

मी म्हटलं, "मी कुलकर्णी नाही, माई. कांबळे."

सहज म्हटलं. वर्गात पोरगं चुकलं की आपण दुरुस्त करतो, तसं. माईंनी मोदक खाली ठेवला. ताटात नाही, फरशीवर. गॅसवर मोदकपात्राचं पाणी उकळत होतं, त्याचा तेवढा आवाज. मग मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, उठल्या आणि मला हात धुवायला सांगितलं. मी नळाकडे गेले तेव्हा मागून आल्या. आवाज अगदी मऊ.

"तुम्ही आधी सांगायला हवं होतं. आम्ही काही मानत नाही हो. पण देवाचं आहे."

तुम्ही. सकाळपर्यंत मी त्यांची "अगं" होते. "अगं, ये गं, स्वल्प चहा घे." "तू कशी गं येतेस एवढ्या लांबून?" घरच्या पोरीला बोलावं तसं बोलायच्या त्या, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. त्या दिवशी एका वाक्यात मी तुम्ही झाले. लोक शिवी देऊन हाकलतात. मला आदरार्थी बहुवचनानं हाकललं.

मी वळलेले सगळे मोदक त्यांनी एका पातेल्यात काढले. मुनियम्मा शाळेची आया, ते पातेलं तिच्या हातात दिलं. मग नवी उकड काढली गेली.

तेव्हा मी लीव्ह व्हेकन्सीवर शिकवत होते. बंगळूरच्या शाळांमधला हा शब्द. कोणी बाई बाळंतपणाला गेल्या, कोणाचा पाय मोडला, कोणी मुलीच्या लग्नासाठी गावी गेलं की त्यांच्या जागी मी. नव्वदचं दशक. गावात सॉफ्टवेअरवाले नुकते नुकते दिसायला लागले होते आणि इंग्रजी शाळा गल्लोगल्ली निघत होत्या. हिंदी शिकवायला माणूस लागायचा, आणि मराठी बाईला हिंदी येणारच असा सगळ्यांचा समज. आमच्या क्वार्टर्सच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ होता. तिथला अण्णा रस्त्यातूनच ओरडायचा, "मिस, स्कूल फोन!" की मी साडी बदलून निघायची. आज राजाजीनगर, पुढच्या महिन्यात बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागची शाळा, मग शिवाजीनगरच्या बसस्टँडजवळची. एका शाळेचं शाळागीत पाठ होईस्तो दुसरी शाळा यायची. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची नसायची. जी बाई रजेवर तिच्या खुर्चीवर बसायचं, आणि तिच्या ड्रॉवरला कुलूप.

त्या सगळ्या शाळांत मी "के. मिस" होते. इकडे आडनाव लावत नाहीत. नाव आणि मागे-पुढे एखादं अक्षर, संपलं. माझ्या अप्पांनी ते अक्षर आधी घेतलं. अप्पा सोलापूरकडून सरकारी कारखान्यात टर्नर म्हणून इथं आले. पहिल्याच दिवशी फोरमननं रीतीप्रमाणे त्यांच्या नावापुढे नुसता के लिहिला. अप्पा घरी येऊन आईला म्हणाले होते, "हे गाव बरं हाय गं. हितं आडनावच लागत न्हाई." आई ही गोष्ट सांगायची तेव्हा हसायची. आडनाव न लागण्याचा एवढा आनंद माणसाला का व्हावा, हे मला लहानपणी कळत नव्हतं.

कन्नड शाळांत जात नव्हती असं कोणी समजू नये. चांगलीच होती. कोणाचा डबा कोण उघडतं, भांड्याला तोंड न लावता पाणी कोण पितं, सगळं दिसायचं. पण मला वाचायची लिपी त्यांच्याकडे नव्हती. एका हेडमास्तरांनी एकदा विचारलं, के म्हणजे काय? मी सांगितलं. ते हसले. "कंबळी?" कन्नडात कंबळी म्हणजे घोंगडी. थंडीच्या दिवसांत बरं नाव आहे म्हणाले. मीही हसले. त्या हसण्याचा मला त्रास झाला नाही.

मग ही शाळा आली. मराठी मंडळींच्या संस्थेची. पिढ्यानपिढ्या इथं राहिलेली घरं, सरकारी संशोधन संस्थांमधले इंजिनिअर, त्यांची मुलं. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंशी मराठीत बोलले तर त्यांचा चेहरा फुलला. "किती शुद्ध बोलतेस गं! तुझा ण ऐकून बरं वाटलं बघ. इथल्या आमच्या पोरांना पाणी म्हणता येत नाही, पानी म्हणतात."

माझा ण. तो काही मला घरी आपसूक मिळाला नव्हता. अप्पा स्वतः पानी म्हणायचे. पण मला समोर बसवून म्हणवून घ्यायचे, पाणी, लोणी, कोण, कोणाचा. चुकलं की परत. त्यांना वाटायचं एवढं एक अक्षर नीट आलं की पोरीला कोणी हटकणार नाही. आणि खरंच कोणी हटकलं नाही. मोठ्या बाईंनी तर माझ्या ण ला जानवंच घातलं. समोर नुसता के होता. रिकाम्या जागा भरा म्हणतात तसा त्यांनी तो मनातल्या मनात भरून टाकला. मला कोणी विचारलंच नाही.

ज्या बाईंच्या जागी मी गेले होते त्यांनी बाळंतपणानंतर राजीनामा पाठवला. मोठ्या बाई म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, मग तुझंच नक्की करू. गणपती झाले की कमिटीची सही." मला रात्रभर, म्हणजे कितीतरी रात्री, त्या स्टाफरूममधली एक खुर्ची दिसायची. माझी खुर्ची. माझ्या किल्लीचा ड्रॉवर. ज्याला कायमची जागा आहे त्याला हे कळायचं नाही.

म्हणून मोदक वळायला बसले. आमच्या घरी गणपती बसत नाही. आम्ही बौद्ध. पण सगळ्या शिक्षिकांना यायला सांगितलं होतं, आणि नोकरीतलं एक काम म्हणून मी गेले. मोदक शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंनी शिकवले होते. त्यांनी माझ्या हातचे खाल्ले होते आणि त्यांच्या देवाला काही झालं नव्हतं.

हात धुऊन मी मागच्या अंगणात आले. मुनियम्मा पायरीवर बसली होती, पातेलं मांडीवर. माझे न उकडलेले मोदक तसेच. मला बघून सरकून जागा केली.

"मिस, नीवू माडिद्दा?" तुम्ही केले का हे?

मी मान हलवली. ती म्हणाली, "नमगे कोट्टरल्ला, आवागले गोत्तायतु." आम्हाला दिले ना, तेव्हाच कळलं.

मला त्या वाक्यानं जेवढं लागलं तेवढं माईंच्या त्या फरशीवर ठेवलेल्या मोदकानं लागलं नव्हतं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मराठी तिला येत नव्हती. चांगली गोष्ट आपल्यापर्यंत आली म्हणजे ती कुठेतरी बाटलेली असणार, हे तिला आयुष्यानं शिकवलं होतं. मला रडू आलं नाही. राग आला. ती मोदक घरी नेऊन उकडणार होती, मुलांसाठी. मी म्हटलं, ने.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी ऑफिसमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं. हे मी सांगितलंच पाहिजे, की त्या वाईट माणूस नव्हत्या. मला काढून टाकणार नव्हत्या.

"तुमची जागा पक्की आहे," त्या म्हणाल्या. "शिकवता छान. फक्त के आहे तो केच राहू दे. फळ्यावर, मुलांसमोर, पालकांसमोर. लोक उगाच विचारत बसतात. काल स्वयंपाकघरात होतो तेवढ्या सगळ्या आपल्याच, त्यांना मी सांगते. आणि नैवेद्याच्या वगैरे कामातून तुम्हाला मोकळं ठेवू. तुमच्याच सोयीचं."

मी म्हटलं, "उद्या सांगते."

अप्पांना संध्याकाळी सगळं सांगितलं. ते कारखान्यातून येऊन हातावरचं तेल रॉकेलच्या चिंधीनं पुसत होते. ऐकून घेतलं. बराच वेळ नख पुसत राहिले.

"घे नोकरी," म्हणाले. "के काय खोटं हाय का? आपलंच अक्षर हाय."

"मग बाकीची अक्षरं कोणाची, अप्पा?"

मी पुढे बोलायला नको होतं, पण बोलले. म्हटलं, "तुम्ही लपलात ते ठीक. तुम्हाला कोणी लपा म्हणालं नव्हतं, तुम्हीच आडोसा शोधलात. मला तर त्या लपायला सांगतायत आणि वर उपकार म्हणतायत."

अप्पांनी चिंधी खाली टाकली. "तुला मी पाणी म्हणायला शिकवलं," ते म्हणाले, "ते ह्याच्यासाठी न्हवं." म्हणजे कशासाठी, ते मी विचारलं नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि ते माझ्यावर चिडलेही होते. दोन्ही खरं होतं.

सकाळी आठवीचा वर्ग. पहिला तास. हजेरीच्या आधी मी खडू घेतला आणि फळ्यावर माझं नाव लिहिलं. नाव, अप्पांचं नाव, आणि कांबळे. देवनागरीत, मोठ्या अक्षरांत, शिरोरेघ सरळ. एवढी वर्षं शाळा शाळा फिरले, पण माझं पूर्ण नाव मी स्वतः फळ्यावर कधी पाहिलं नव्हतं. चांगलं दिसत होतं.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मिस, के म्हणजे हे?"

"हो."

"मग आधी का नाही लिहिलं? फळ्यावर जागा होती की."

मी पुस्तक उघडायला सांगितलं आणि धडा शिकवला. नीट शिकवला. नाव वर तसंच होतं, त्याच्याखाली शब्दार्थ लिहिले.

तास संपला की शिकवणाऱ्यानं फळा पुसून निघायचं, ही सगळ्या शाळांची रीत. मी शब्दार्थ पुसले. नाव ठेवलं. डस्टर टेबलावर ठेवलं आणि पर्स उचलली. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, राउंडवर आलेल्या. त्यांची नजर फळ्यावर गेली.

"तुम्ही फळा पुसला नाहीत."

"नाही."

त्यांनी व्हरांड्याकडे वळून हाक मारली, "मुनियम्मा!"

बघा. नाव पुसायलासुद्धा त्यांना मुनियम्माच हवी होती.

मी म्हटलं, "तिला नको बोलावू. नाव तुम्हाला नकोय. तुम्ही पुसा."

बाईंना मी कधी अगंतुगं केलं नव्हतं, पण ते "नको बोलावू" तोंडातून गेलं, आणि मी ते परत घेतलं नाही. मुनियम्मा झाडू घेऊन दारापाशी येऊन थांबली होती. मोठ्या बाई आत गेल्या, डस्टर उचललं आणि पुसलं. घाईघाईत. डस्टर जुनं होतं, नीट पुसत नव्हतं, म्हणून शेवटची अक्षरं हातानंच पुसली. माझ्या आडनावाची पांढरी पूड त्यांच्या बोटांना लागली, हिरव्या पदराला लागली. मग त्या नळाकडे गेल्या.

ती खुर्ची मला मिळाली नाही. मी त्याच दुपारी बसमध्ये बसले आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेत दुसऱ्या बाईच्या कुलूपबंद ड्रॉवरसमोर बसले. अप्पा निवृत्त होईपर्यंत के लावत होते. तो त्यांचा आडोसा होता, त्यांनी कमावलेला. मी त्यांना त्यावरून पुन्हा कधी बोलले नाही. पण मला तो नको.

तेव्हापासून कुठल्याही शाळेत, कितीही दिवसांसाठी गेले तरी पहिल्या तासाला आधी माझं पूर्ण नाव फळ्यावर लिहिते. शेवटच्या अक्षरापर्यंत. तास संपल्यावर बाकी सगळं पुसते, नाव पुसत नाही. डस्टर तिथंच ठेवते. ज्याला नको असेल त्यानं पुसावं. आपल्या हातानं. आणि मग खुशाल हात धुवून घ्यावेत.