काळ्या चौकोनातला मासा

आमच्या जावयांना घरात एकाच वस्तूच्या दोन प्रती खपत नाहीत. कात्री एकच, टॉर्च एकच. मी उशाशी वेगळी ठेवलेली डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टीसुद्धा त्यांनी एकदा उचलून औषधांच्या डब्यात नेली. मी चांगलीच तापले. "आई, तिची तारीख उलटून गेली होती, तुमच्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले. खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला.

हा त्यांचा मूळ स्वभाव की कामाने लागलेली सवय, हे माझ्या लेकीलाही सांगता येत नाही. ते लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर-प्रणालीवर चालणारे प्रोग्राम पॅकेज करतात. म्हणजे कुणीतरी कुठेतरी प्रोग्राम लिहितं, आणि तो लोकांच्या कॉम्प्युटरवर सुरळीत बसावा म्हणून त्याची बांधणी आमचे जावई करतात. मागच्या खोलीत, घरच्या कपड्यांत, गार झालेला चहा पीत.

यात एवढं अवघड काय, असं मी एकदा विचारलं. त्यांनी बिल्डिंगचं उदाहरण दिलं. चित्र उघडणं वगैरे कामं पुष्कळ प्रोग्रामना लागतात. त्यासाठी सगळ्यांची मिळून एक लायब्ररी असते, गच्चीवरच्या टाकीसारखी. टाकीत घाण सापडली तर ती एकदा धुतली की सगळ्यांचे नळ स्वच्छ. पण काहीजण न्हाणीघरात स्वतःचं पिंप भरून ठेवतात. टाकी धुतली तरी त्यांच्याकडे जुनंच पाणी. "आणि कुणाकुणाकडे पिंप आहे, हेच कुणाला ठाऊक नसतं," जावई म्हणाले. प्रोग्रामच्या पोटातली असली पिंपं हुडकून काढायची, यात या माणसाला जो आनंद होतो तो मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

लेकीने नोकरी सोडून भरतकामाचं मशीन घेतलं होतं. गिऱ्हाईक चित्र पाठवतं, तिचा प्रोग्राम त्या चित्राचे टाके आखतो, आणि मशीन ते कापडावर भरतं. बरेच महिने रुमाल आणि उशांचे अभ्रे यावरच भागलं. मग पोहण्याच्या एका क्लबाची जॅकेटं आली, पाठीवर उडी मारणारा मासा भरायचा. शनिवारी सकाळी स्पर्धेला निघण्याआधी जॅकेटं हातात पडली तर पुढचं सगळं काम तुझं, नाहीतर आम्ही पुन्हा कारखान्याकडे, असं कोचबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. लेक हसत होती, पण तिची झोप उडाली होती.

नेमकं त्याच आठवड्यात चित्र उघडणाऱ्या लायब्ररीत भोक सापडलं. मुद्दाम बिघडवलेलं चित्र पाठवून कुणालाही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरता येत होतं. टाकी लगेच दुरुस्त झाली. आणि जावयांना कळलं की पिंप आपल्याच घरात आहे. लेकीच्या भरतकामाच्या प्रोग्रामात त्याच लायब्ररीची जुनी कॉपी होती. तो प्रोग्राम लिहिणारे काका दुसऱ्या शहरात राहत, शिलाई मशीन दुरुस्तीतून निवृत्त झालेले. जावयांनी त्यांना मेल लिहिला. काकांचं उत्तर आलं, "माझ्या कॉपीला हात लावू नका. ती उगाच ठेवलेली नाही." जावई म्हणाले, असं सगळेच म्हणतात, आणि त्यांनी कॉपी काढून प्रोग्राम सगळ्यांच्या लायब्ररीला जोडला. चालतो का हे पाहायला माझा फोटो उघडला. मी छान दिसले. अपडेट सगळीकडे रवाना झालं.

शुक्रवारी सकाळी लेकीने पहिलं जॅकेट फ्रेममध्ये ताणलं, मशीन सुरू केलं आणि दुसरी रिळं काढायला गेली. परत आली तेव्हा मशीन माशाच्या भोवतीची सगळी मोकळी जागा काळ्या दोऱ्याने भरत सुटलं होतं. जॅकेटची पाठ फळीसारखी कडक झाली होती आणि सुई मोडून पडली होती.

"मासा डांबरात बुडाला," एवढंच म्हणून ती खाली बसली.

जावई धावत आले. माशामागची जागा चित्रात रिकामी होती, रंगच नव्हता, आणि सगळ्यांची लायब्ररी ती काळी धरत होती. माझ्या फोटोत मागे सगळीकडे पडदा होता, त्यामुळे ही गोष्ट कळलीच नव्हती.

"जुनी कॉपी परत घाल," लेक म्हणाली.

"अगं, लोकांची चित्रं दिवसभर तूच उघडतेस. आधी तूच सापडशील."

"मला एक मासा उघडायचाय रे."

त्यांनी मोडकी सुई उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "दुपारपर्यंत जमलं नाही तर तुझ्या कॉम्प्युटरवर मी स्वतः परत घालीन." हे बोलताना त्यांचं तोंड इतकं उतरलं की मला हसू आवरेना, आणि मायाही दाटून आली.

मीच म्हटलं, "मेलवर भांडणं होतात. त्या काकांना फोन लावा."

काका आधी फणकारले. "सांगितलं नव्हतं का?" जावई म्हणाले, "चूक माझी. तुम्ही कॉपीत काय बदललंय, ते विचारायला हवं होतं." मग काकांनी सांगितलं. रिकामी जागा रिकामीच ठेवायची, एवढ्यासाठी त्यांनी आपल्या कॉपीत थोड्या ओळी घातल्या होत्या. पूर्वी त्या लायब्ररीवाल्यांकडेही पाठवल्या होत्या, पण कुणी उत्तरच दिलं नाही. "मग म्हटलं, आपलं आपण सांभाळावं," काका म्हणाले. जावयांनी चष्मा काढून पुसला.

दोघांनी फोनवरच ते काम प्रोग्रामात हलवलं, आता कॉपीची गरज उरली नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत लेकीने जास्तीचं जॅकेट फ्रेममध्ये लावलं. या वेळी तिघंही मशीनसमोर खुर्च्या टाकून बसलो. मासा कोऱ्या कापडावर नीट उडाला. शनिवारी सकाळी कोचबाईंनी एकेक जॅकेट उलटून पाहिलं आणि पुढच्या मोसमाचे टॉवेल सांगून गेल्या.

जावयांनी काकांच्या त्या ओळी त्यांच्याच नावाने लायब्ररीवाल्यांकडे पुन्हा पाठवल्या, आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडली नाही. त्या घेतल्या गेल्या. त्या दिवशी काकांचा फोन आला. आपल्याकडच्या मूळ प्रोग्रामात ती कॉपी अजून होती, तीही आपण स्वतः पुसली, असं ते म्हणाले.

"बरं केलंत," जावई म्हणाले.

"इतकी वर्षं एकट्याने राखली हो," काका म्हणाले. "आता रात्री भोक पडलं तरी कुणीतरी दुसरं जागं असेल."