ढुंगणबेटाची पाटी

महामाया वाघमारे नांदेडच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. तिच्या गावासमोर गोदावरीत एक बेट होतं, तिची आई तिथं खरबुजं लावायची. महामायानं त्याचे जुने नकाशे मिळवले. इंग्रजाच्या नकाशात ‘टकर आयलंड’, निजामाच्या नकाशात ‘जझीरा-ए-मुबारक’. गाव मात्र पहिल्यापासून ढुंगणबेटच म्हणायचं, कारण पाणी ओसरलं की ते बसल्या म्हशीच्या मागल्या अंगासारखं दिसायचं.

ग्रामसभेत बेटावर पाटी लावायचा विषय निघाला.

“मॅडम, इज्जतीचं नाव सांगा,” सरपंच म्हणाले. “पाव्हणे येतेत.”

“साहेब गेला, निजाम गेला,” महामाया म्हणाली, “ढुंगण हाय तिथंच हाय.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि पहिले हात त्यांनीच वर केले. पाटी लागली. आता सरपंचच पाव्हण्यांना तिच्याशेजारी उभं करून फोटो काढतात.